अनुभव विकत मिळत नाही

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. हप्ते गोळा करायचे, वहीत लिहायचे, कर्जाचे अर्ज वाचायचे आणि मग चहा. २०२४ च्या मे महिन्यातल्या बैठकीत एक अर्ज आला. अर्जदार आमच्याच गटातली, ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावणारी एक ताई. रक्कम पन्नास हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीच्या नोकरीसाठी.’

एवढं मोठं कर्ज आमच्या गटात तोवर दोघींनीच घेतलं होतं. एकीनं म्हैस घेतली, दुसरीनं पिठाची गिरणी टाकली. महिना दोन टक्के व्याज, म्हणजे पन्नास हजारावर नुसतं व्याजच हजार रुपये. "नोकरी लागली की पैसे मिळतात ना गं? हे भरायचे कुठले?" कोणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. ती ताई मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

बैठक संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. तिची मुलगी २०२३ मध्ये बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली. फर्स्ट क्लास. तेव्हापासून वर्षभर घरात. अर्ज करून करून थकली. जिथं तिथं एकच प्रश्न, अनुभव किती? मग पुण्यातली एक कन्सल्टन्सी भेटली. त्यांनी ८५ हजार सांगितले. तीन महिने ट्रेनिंग आणि नोकरीची हमी. पस्तीस हजार घरातले होते, पन्नास गटातून हवे होते.

"हमी कशी देतात गं ते?" मी विचारलं.

ती घुटमळली. मग हळूच म्हणाली, "दोन वर्षांचा अनुभव लिहून देतात ताई. पगाराच्या स्लिपांसकट. सगळे असंच करतात म्हणे."

माझ्या पोटात गोळाच आला. कारण या मुलीला बारावीनंतर ‘कॉम्प्युटर घे, आयटीत चांगला स्कोप आहे’ असं सांगणाऱ्यांत मीही होते. मी स्वतः बी. ए. आयटी म्हणजे काय, तिथं नेमकं काय काम असतं, मला कुठं ठाऊक होतं? गल्लीतल्या दोघातिघांची मुलं हिंजवडीला होती, त्यांच्या दारात गाड्या आल्या होत्या, एवढीच माझी माहिती. त्या माहितीवर मी एका मुलीला तीन वर्षांचा सल्ला देऊन मोकळी झाले होते.

त्या रात्री मी बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो बारा वर्षं पुण्यात याच क्षेत्रात आहे. म्हटलं, "अरे, या शनिवारी येतोस का? एका घराचा प्रश्न आहे." आला बिचारा.

कागद खोटा, काम खरं

रविवारी सकाळी ती मुलगी आणि तिची आई आमच्याकडे आल्या. मुलीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. माझ्या भाच्यानं तिला रागावलं नाही, हे मला आवडलं. तो एवढंच म्हणाला, "तुला भीती घालत नाही, पुढं काय होतं ते सांगतो."

मग त्यानं सांगितलं. बहुतेक कंपन्या माणूस घेताना त्याची मागची माहिती तपासून घेतात. त्यासाठी वेगळ्या एजन्सी असतात. जुन्या कंपनीत फोन जातो, कागदपत्रं पडताळली जातात. शिवाय नोकरदाराचा पीएफ कापला जात असेल, तर त्याचा एक कायमचा यूएएन नंबर असतो. कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सोडलं, हे त्या खात्यावर दिसतं. दोन वर्षं नोकरी केली म्हणणाऱ्याच्या खात्यावर काहीच नसेल, तर प्रश्न येणारच. लबाडी रुजू झाल्यावर उघडकीला आली तरी घरी पाठवतात. ८५ हजार गेले ते गेलेच, वर नावाला बट्टा.

"आणि समजा, नाही पकडली गेलीस," तो म्हणाला. "तरी पहिल्याच दिवशी दोन वर्षं मुरलेल्या माणसाचं काम तुझ्यापुढं टाकतील. ते तुला येणार नाही. विचारायची सोय नाही, कारण तुला येतं असं तूच सांगितलंयस. माझ्या टीममध्ये असा एक मुलगा होता. रोज रात्री रडायचा. तिसऱ्या महिन्यात स्वतःच सोडून गेला."

मुलीची आई हे ऐकत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग आमच्या पोरीत काही कमी आहे का रे बाबा? फर्स्ट क्लास आहे ती."

त्यावर त्यानं जे सांगितलं, ते मला घरोघरच्या आयांना सांगावंसं वाटतं. म्हणून तर हा विषय आज या सदरात घेतला. तो म्हणाला, "मावशी, तिच्यात कमी नाही. तिचं वर्ष वाईट होतं." २०२१-२२ मध्ये या कंपन्यांनी भराभरा मुलं घेतली. मग हात आखडला. मार्च २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही बड्या कंपन्यांतली माणसं वाढण्याऐवजी कमी झाली. तिन्ही मिळून साठ हजारांहून जास्त. आणि ही मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली ती नेमकी त्याच वर्षात. त्यातून नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. नवशिक्यांना देत असत ती सोपी, साचेबंद कामं यंत्राकडून करून घेण्याकडे कंपन्या वळू लागल्या.

म्हणजे बघा, पोरगी वर्षभर स्वतःला नालायक समजत होती. नातेवाईक ‘अजून नाही का लागली?’ विचारत होते. वडील ‘या दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर स्थळं बघायला घेऊ’ म्हणत होते. आणि खरं कारण तिच्या हातातच नव्हतं. हे कळल्यावर तिनं पहिल्यांदा मान वर केली.

आयटी म्हणजे एकच काम नव्हे

भाच्यानं तिला विचारलं, "तुला आयटीत काय करायचंय?"

"जॉब," ती म्हणाली.

तो हसला. "अगं, हॉस्पिटलमध्ये जॉब करायचाय असं म्हणतेस तू. डॉक्टर, नर्स, लॅबवाली की केसपेपर काढणारी?"

मग माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं कागद घेतला. माझ्यासारख्या बी. ए. बाईलाही कळेल असं समजावलं. ते तुम्हालाही सांगते.

पहिलं डेव्हलपमेंट, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं काम. यालाच आपण कोडिंग म्हणतो. जावा, पायथॉन अशा भाषा असतात. तासन्‌तास एका कोड्याशी झुंजायची आवड असेल त्यांनी इकडे जावं. गर्दी सगळ्यात जास्त इथंच.

दुसरं टेस्टिंग. दुसऱ्यानं केलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं, कुठं चुकतंय ते शोधायचं आणि नीट लिहून द्यायचं. आधी हातानं, मग जमलं की सेलेनियमसारखी साधनं शिकून. बारीक नजर आणि चिकाटी इथं लागते.

तिसरं सपोर्ट. लोकांच्या अडचणी फोनवर, मेलवर सोडवायच्या. शांत डोकं आणि बोलता येणं महत्त्वाचं. रात्रपाळी येऊ शकते, हे आधी लक्षात घ्यायचं.

चौथं डेटाचं काम. एक्सेल, एसक्यूएल, पॉवर बीआय शिकून आकड्यांतून अर्थ काढायचा. गणित आणि कॉमर्सच्या मुलींना हे जवळचं वाटतं.

पाचवं नेटवर्किंग आणि सर्व्हर सांभाळणं. मशीनशी खटपट करायची आवड हवी.

शिवाय लिहिण्याची कामं असतात. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका, त्याचं मराठीकरण. भाषेच्या मुलींनाही तिथं दार आहे. मी मनात म्हटलं, अरेच्चा, म्हणजे बी. ए.वालीलाही!

एमएस-सीआयटीचाही विषय निघाला. २००१ पासून आपल्याकडे तो कोर्स घरोघरी पोचला आणि त्याचा उपयोगही झाला. पण ती संगणकाची ओळख आहे, अक्षरओळखीसारखी. त्यावर आयटीची नोकरी मिळेल, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता ही मुलगी कुठल्या दारानं जावी? ती म्हणाली, मला सगळंच थोडं थोडं येतं. इथं मला एक गोष्ट आठवली. आदल्या वर्षी आमच्या गटाची हिशेबाची वही तिनं एक्सेलमध्ये भरून दिली होती. भरता भरता तिनं आमच्या तीन चुका काढल्या. एका बाईचा हप्ता दोनदा जमा होता, एकीचं व्याज एक महिना कमी धरलं होतं. आमच्या हिशेब तपासणाऱ्यांच्याही ते नजरेतून सुटलं होतं. मी हे सांगितल्यावर भाचा टेबलावर थाप मारून म्हणाला, "ही टेस्टिंगची नजर आहे! हे विकत मिळत नाही."

मुलीनं त्याआधी टेस्टिंगचा विचारच केला नव्हता. कॉलेजात मुलं म्हणायची, ज्यांना कोडिंग जमत नाही ते टेस्टिंग करतात. ही चुकीची समजूत भाच्यानं खोडून काढली. पण तो हेही म्हणाला, नुसत्या हातानं तपासण्यावर पुढं भागणार नाही, प्रोग्रॅमिंग थोडं यावंच लागेल. तिला कॉलेजात जावा शिकवली होती, ती धूळ झटकून पुन्हा काढायची.

पन्नास हजारांऐवजी

कर्जाचा अर्ज तिच्या आईनं त्याच दिवशी मागं घेतला. मग शिकायचं कशावर? तर फुकट आणि खात्रीचं खूप काही आहे, आपल्याला ठाऊक नसतं इतकंच. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आहे. साधारण दहा दहा मिनिटांचे व्हिडिओ, बरेचसे मराठीतूनही. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू केलं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्सेस त्यावर फुकट शिकता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच फी, आणि ती परीक्षा केंद्रावर बसून द्यायची असल्यानं त्या प्रमाणपत्राला वजन. इन्फोसिसचं ‘स्प्रिंगबोर्ड’ही मोफत आहे. ज्यांची इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालंय, त्यांच्यासाठी सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याची फी बरीच असते, पण प्रवेशपरीक्षा देऊन जावं लागतं आणि कंपन्या तिथं मुलाखतींना येतात. सी-डॅक १९८८ पासूनची सरकारी संस्था आहे. हिला बी.एस्सी.वर तिथं प्रवेश मिळणार नव्हता.

राहिला अनुभवाचा प्रश्न. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, राज्य सरकारनं ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना’ आणली. सहा महिने एखाद्या कार्यालयात प्रशिक्षण आणि पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतन. तिनं अर्ज केला आणि तालुक्याच्याच एका कार्यालयात लागली. काम साधंच, ऑनलाईन अर्ज भरायचे. तिच्या वडिलांना ते पटलं नाही. "बी.एस्सी. करून फॉर्म भरायचे का?" असं ते म्हणाले.

पण भाच्यानं तिला एक वही करायला सांगितली होती. अर्ज भरताना जिथं जिथं अडकायला होतं, तिथं लिहायचं. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. नावात टिंब आलं तर अर्ज अडतो. जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाकली तरी चालते. मागं गेलं की भरलेलं सगळं पुसतं. एकेक नोंद. टेस्टिंगवाले चूक कळवताना हेच तीन मुद्दे लिहितात, असं त्यानं सांगितलं. सहा महिन्यांत त्या वहीत चाळीसच्या वर नोंदी झाल्या. संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या टाकायच्या, मग नऊ ते अकरा अभ्यास. तिच्या आईनं एक केलं, त्या दोन तासांत तिला कामाला हाक मारली नाही. शिलाई मशीनही त्या वेळात बंद ठेवलं, आवाज नको म्हणून. मैत्रिणींनो, मला विचाराल तर आईनं दिलेली फी हीच.

फेब्रुवारी २०२५ पासून तिनं अर्ज करायला सुरुवात केली. बायोडेटात एक अक्षर खोटं नाही. सत्तरच्या वर ठिकाणी पाठवले. बोलावणी आली सहा. पहिल्या दोन मुलाखतींत इंग्रजीनं घात केला. घरी येऊन रडली. मग रोज सकाळी आमच्याकडे येऊन माझ्यासमोर इंग्रजीत बोलायची. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा वाईट, त्यामुळे तिची भीड चेपली! पाचव्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, अनुभव आहे का? तिनं सरळ सांगितलं, "कंपनीतला नाही. पण हे मी शोधलंय," आणि वही पुढं केली. समोरच्या बाईंनी वही दहा मिनिटं वाचली म्हणे.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती ट्रेनी टेस्टर म्हणून लागली. पगार महिना अठरा हजार. कॉट बेसिसवर राहते, मेसचा डबा लावलाय. भाडं, डबा आणि बस यातच बरेचसे संपतात. मोठं पॅकेज नाही, दारात गाडी नाही. पण सहा महिन्यांनी दिवाळीला आली तेव्हा आईसाठी शिलाई मशीनची मोटर घेऊन आली. वडील आता स्थळांचा विषय काढत नाहीत.

सगळं गोड गोड झालं असंही समजू नका. या क्षेत्रात आज खात्री कुणालाच नाही. २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीनं सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात जास्त करून मधल्या आणि वरच्या फळीतली, म्हणजे पुष्कळ अनुभव असलेली माणसं. शिकणं थांबवून चालणार नाही, हे या मुलीलाही कळलंय. ती आता पायथॉन शिकतेय. आमच्याच गटातल्या दुसरीच्या मुलीनं सहा महिने प्रयत्न करून हे आपलं काम नाही असं ठरवलं आणि ती पतसंस्थेत लागली. तीही आनंदात आहे. वेळेवर दार बंद करता येणं हाही शहाणपणाच.

पैसे भरण्याआधी

आमच्या गटानं आता एक नियम केलाय. शिक्षण किंवा नोकरीसाठी कर्जाचा अर्ज आला, की आधी हे प्रश्न विचारायचे. तुम्हीही घरी विचारून बघा.

१. नोकरीसाठी पैसे मागतात की शिकवण्यासाठी? चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. मोठ्या कंपन्या तसं जाहीरही करतात.

२. ‘शंभर टक्के हमी’ कागदावर लिहून देतात का? नोकरी नाही लागली तर पैसे किती दिवसांत परत?

३. मागच्या बॅचमधल्या दोन मुलींशी प्रत्यक्ष बोलता येईल का? क्लासनं पुढं केलेल्या नव्हे, आपण शोधलेल्या.

४. मूळ मार्कलिस्ट, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? घेत असतील तर तिथून उठून यायचं.

५. बाँड आहे का? किती महिन्यांचा, मोडला तर किती भरायचे? सही करण्याआधी जाणत्या माणसाकडून वाचून घ्यायचा.

६. रात्रपाळी आहे का? असेल तर घरापर्यंत गाडी देतात का?

फोनवर, ऑनलाईन पैसे उकळून कोणी फसवलंच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाचायची शक्यता जास्त.

आणि सगळ्यात आधी एक प्रश्न आपल्या मुलीला. ‘तुला कुठली नोकरी मिळेल?’ असं नको. ‘तुला कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळत नाही?’ असं विचारा. उत्तर तिला चटकन देता येणार नाही. पण आपण आया तिला लहानपणापासून बघत आलोय. तिचा कुठला गुण आपल्या घरातल्या कामात दिसला होता, हे आपल्याला आठवेल. मला वहीतल्या तीन चुका आठवल्या, तशा.

परवाच्या दहा तारखेला बैठकीत ती ताई माझ्या शेजारी बसली होती. हप्ता भरला, सही केली. मग हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही कर्ज मंजूर केलं असतं, तर मी तुम्हाला देव मानलं असतं." थोडं थांबली आणि म्हणाली, "आणि आज तोंड लपवत फिरले असते."

आम्ही दोघीही मग चहा घ्यायला उठलो.